गोगलगाय नि पोटांत पाय

ही म्हण शास्त्रदृष्ट्याही खरी आहे. गोगलगाईचें पोट हाच तिचा पाय. लातूर-नांदेडकडे पावसाळ्यांत कुंपणाशीं मोठी शंखी गोगलगाय सांपडली, कीं मुलांना ती कांचेच्या बरणींत ठेवावीशी वाटते. ओली माती, काकडीची फोड आणि कवचासाठीं अंड्याच्या टरफलांचा चुरा, एवढ्यावर ती सुखानें नांदते. तिच्या लांब शिंगांच्या टोकांशीं डोळे असतात. हवा कोरडी पडली, कीं कवचाचें तोंड पातळ पडद्यानें मिटून ती कित्येक महिने निजते.

पण ही मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ सालीं बेन्सन नांवाच्या शंखाभ्यासकानें ती मॉरिशसहून कलकत्त्यास आणली आणि तेथील एका बागेंत ती मोकळी सुटली. तिच्याच जातीनें २०२२ च्या खरिपांत मराठवाड्यांतील सोयाबीनचीं कोवळीं रोपें फस्त केलीं. कित्येकांवर दुबार पेरणीची पाळी आली. प्रत्येक गोगलगाय नर व मादी दोन्ही असते आणि एका वेळीं शंभरावर अंडीं मातींत घालते.

म्हणून बरणीचें झांकण सच्छिद्र पण घट्ट असावें. तिच्या अंगीं मेंदूस अपाय करणारे कृमि असूं शकतात, तेव्हां हाताळल्यावर हात साबणानें धुवावे. मातींतलीं अंडीं वेंचून मिठाच्या दाट पाण्यांत टाकावीं. आणि हौस फिटली, तरी दयेपोटीं तिला परसांत सोडूं नये. त्या दयेची किंमत शेजारच्या शेतकऱ्याला मोजावी लागते.