जुन्या मोटारीस दुसरे एंजिन

अँबॅसेडर मोटारीची निर्मिती २०१४ साली थांबली. तरी कित्येक घरांत ती मायेने जपली जाते. तिचे एंजिन थकले, की मालकास ते बदलावेसे वाटते. परंतु या कामाचा आरंभ पान्याने नव्हे, तपासणीने व्हावा. प्रथम सिलिंडरांतील दाब मोजावा. पुष्कळदा पिस्टनच्या रिंगा व व्हॉल्व्ह दुरुस्त होताच जुनेच एंजिन पुन्हा उभारी धरते.

बदल अटळच ठरला, तर त्याच घराण्यातील एंजिन शोधावे. १९५९ साली या गाडीस १४८९ सी.सी.चे एंजिन लाभले. पुढे इसुझूचे १८१७ सी.सी.चे आले, ते पाच गतींचा गिअरबॉक्स घेऊनच. एंजिन एकटे येत नसते. बैठकीचे आधार, क्लच, रेडिएटर, प्रॉपेलर शाफ्टची लांबी, सारे जुळवावे लागते. बळ वाढले, की ब्रेकही तितकेच समर्थ हवेत. कारण जी गाडी वेळेवर थांबत नाही, तिचा वेग काय कामाचा?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये परिवहन कार्यालयाची संमती आधी घ्यावी व नवा एंजिन-क्रमांक नोंदणीपत्रात उतरवून घ्यावा. ही सर्व मापे, खर्च व परवानगी हाती आल्यावरच जुने एंजिन उचलावे. अन्यथा अर्धवट उघडलेली मोटार अंगणात गंजत राहते, आणि तिच्यावरील घरच्यांचा लोभही हळूहळू ओसरतो.