पोट दुखतंय म्हणणारं मूल

तुमच्यातले बरेच जण अजून आईबाप नाहीत; पण कुणाचे तरी मामू, चाचू, खाला नक्की आहात. म्हणून एका मामूची गोष्ट सांगतो.

माझा भाचा चौथीत असताना रोज सकाळी गणवेश घालायची वेळ झाली की त्याचं पोट दुखायचं. रविवारी नाही. आपाने ओवा दिला, जंतांचं औषध दिलं, सोनोग्राफीही केली. काही निघालं नाही. मग घरात निकाल लागला, नाटक करतोय! मीही तेच म्हणालो. ऑफिसात एरर आली की मी आधी लॉग वाचतो, एररवर ओरडत नाही. घरात मात्र ओरडलो.

एका रात्री लुडो खेळताना त्याने विचारलं, "मामू, आपण पाकिस्तानचे आहोत का?" वर्गातली दोन मुलं डबा खाताना त्याला तसं चिडवायची. घरी का नाही सांगितलंस? तर म्हणे, अम्मी रडेल.

"लक्ष देऊ नको रे" हे माझ्या ओठांवर आलं होतं. लहानग्या अबू उमैरचं पाखरू मेलं तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याची आपुलकीने विचारपूस केली, हे आपण मकतबात ऐकलेलं असतं. पाखरू ते काय, असं ते म्हणाले नाहीत. मी गप्प बसलो आणि ऐकलं.

वर्गशिक्षिका म्हणाल्या, मुलं आहेत, चालायचंच. आपाने मुख्याध्यापकांना लेखी पत्र दिलं तेव्हा बाक बदलले. पोट मात्र दुखतच राहिलं. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, दुखणं खरं आहे, भीतीनेही पोट दुखतं, समुपदेशकाकडे न्या. यावर घरात गहजब. पोरगा काय वेडा आहे? दम करून आणा! दुआ करावीच. तापात आपण दुआही करतो आणि गोळीही देतो.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या सुमारे ७ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला होता. झोप, भूक, खेळ यांत दोनेक आठवडे बदल दिसला तर थांबू नका. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. मूल छळात असेल तर १०९८.

भाच्याचं पोट अजून कधीकधी दुखतं. परवा त्याने स्वतःच सांगितलं, "मामू, आज दुखतंय. उद्या पीटी आहे, आणि ती दोघं माझ्याच टीममध्ये आहेत."