पाहुणे आणि रहिवासी
(वांद्रें येथील महोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं वक्त्यानें गतकाळाचें गुणगान करावें, अशी रीत आहे. ती आम्ही मोडणार नाहीं. परंतु आमचा मुख्य प्रश्न आजचा आहे. समुद्रकांठच्या या गांवीं पाहुणा कोण, रहिवासी कोण, आणि पाहुण्याचा रहिवासी होतो तो कशानें, याविषयीं दोन शब्द बोलावेत असें आम्हीं योजिलें आहे.

आम्ही मूळचे वसईचे. वांद्रें प्रथम पाहिलें तें लहानपणीं, मोतमावलीच्या जत्रेला आलों तेव्हां. वसई रोडला आगगाडींत बसावें, वांद्र्यास उतरून टेकडी चढावी, मेणबत्ती लावावी, नवसाचे मेणाचे हातपाय डोळे विस्फारून पाहावेत, आणि मग खालीं खडकांवर बसून घरून आणलेली शिदोरी सोडावी, असा आमचा क्रम असे. समोर समुद्र, अंगावर वारा. येथें राहणारीं माणसें किती भाग्यवान, असें मनांत येई. संध्याकाळच्या गाडीनें आम्ही परत जात असूं. किनाऱ्याचें सुख घेऊन जावें आणि त्याचे कष्ट मागें ठेवावेत, हें पाहुण्याचें भाग्य आम्हीं पुष्कळ वर्षें भोगलें.

पुढें नोकरीनिमित्त आम्ही रणवारांतील एका जुन्या कौलारू घराच्या माडीवर बिऱ्हाड केलें. तेव्हां समुद्राचें दुसरें रूप दिसलें. खाऱ्या वाऱ्यानें खिडकीचे गज गंजूं लागले. पावसाळ्यांत पेटींतल्या कपड्यांना बुरशी आली, बरणींतल्या मिठाला पाणी सुटलें. उधाणाच्या रात्रीं झोंप येईना. खालच्या मजल्यावर एक वृद्ध मावशी राहत असत. कोणत्या वाऱ्याला कोणती खिडकी लावावी, कल्ला पाहून मासळी ताजी कशी ओळखावी, पावसाळ्यांतील बंदीच्या दिवसांत चिंबईच्या कोळणीशीं घासाघीस कां करूं नये, हें सारें त्यांनीं आम्हांस शिकविलें. एके संध्याकाळीं गल्लींतल्या क्रुसापुढें प्रार्थना चालली असतां त्यांनीं आपल्या नातवंडांच्या नांवांबरोबर आमच्या मुलांचींही नांवें घेतलीं. भाडेपावती आमच्या खिशांत कित्येक महिने होती. परंतु आम्ही वांद्र्याचे झालों ते त्या संध्याकाळीं.

बंधुभगिनींनो, इतिहास पाहतां ही गोष्ट आमच्या एकट्याची नाहीं. येशूसंघाच्या धर्मगुरूंनीं १५७५ सालीं संत आंद्रेचें देऊळ बांधिलें. माहीमची खाडी तरींतून ओलांडावी लागे. १८४५ सालीं तीवर मार्ग खुला झाला. त्यासाठीं लेडी आवाबाई जमशेटजी या पारशी बाईंनीं १,५७,००० रुपये दिले. १८६७ सालीं विरारहून मुंबईस रोजची गाडी सुरू झाली. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला, तेव्हां मोकळ्या हवेसाठीं लोक उपनगरांकडे धांवले. त्या संकटाची आठवण देणारे क्रूस आजही आपल्या गल्ल्यांतून उभे आहेत. मागाहून गोंव्याचे आले, मंगळूरचे आले, आमच्यासारखे वसईकरही आले. चिंबईच्या कोळीबांधवांनीं आणि पाली, शेर्ली, चुईम येथील जुन्या घराण्यांनीं या सर्वांना शेजार दिला. बाकीचे आपण कधीं ना कधीं येथें पाहुणेच होतों.

आतां आजची स्थिति पाहा. २००९ सालीं वरळीपर्यंतचा सागरी सेतु झाला. संध्याकाळीं शहराच्या कानाकोपऱ्यांतून माणसें आपल्या किनाऱ्यावर वारा खावयास येतात. त्यांच्यावर रागावण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. वारा कोणाच्या मालकीचा नाहीं, आणि आम्हीही एके काळीं त्याच खडकांवर बसलों आहों. आमचें दुःख निराळें आहे. जुनीं घरें एकामागून एक पडत आहेत. लांकडी जिन्याच्या जागीं उंच इमारत येते आणि ओट्याच्या जागीं पहारेकऱ्याची चौकी. त्या इमारतींत राहणारा शेजारी दहा वर्षांनींही आपणांस नांवानें ठाऊक नसतो. उलट जीं मुलें येथें जन्मलीं, त्यांना येथील जागेची किंमत झेपत नाहीं. आमचाच एक मुलगा आज वसईस बिऱ्हाड करून आहे. आम्ही ज्या गाडीनें आलों, त्याच गाडीनें तो परत गेला. आणि आतां जत्रेच्या आठवड्यांत तो वांद्र्यास येतो, तो पाहुणा म्हणून. त्याला निरोप देतांना फलाटावर आम्हांस बोलवत नाहीं.

तरीही आम्ही निराश नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदी फुगली, गाड्या थांबल्या, हजारों माणसें वाटेंतच अडकलीं. त्या रात्रीं आमच्या माडीवर अनोळखी माणसें भिजलेल्या कपड्यांनीं भिंतीला टेकून निजलीं. कोण कोणत्या धर्माचा, कोण कोठला, हें कोणीं विचारलें नाहीं. चहा मात्र सर्वांना पुरला. मावशींचा शेजारधर्म अजून मेला नाहीं, हें त्या रात्रीं आम्हीं पाहिलें. जो पुराच्या रात्रीं जागा होतो, तो एरव्हीं निजूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.

म्हणून या महोत्सवीं आम्ही तीन गोष्टी सुचवितों. पहिली, ज्याला घर विकणें प्राप्त आहे त्याला दोष देऊं नये. मात्र त्यानें शेजाऱ्यास आधीं सांगावें, म्हणजे निरोप तरी नीट होईल. दुसरी, नवें बिऱ्हाड आलें कीं पहिल्याच आठवड्यांत आपल्यापैकीं कोणीतरी त्याच्या दारीं जावें. तो ख्रिस्ती असो वा नसो, त्याचें नांव विचारावें आणि आपलें सांगावें. तिसरी, जे दूर गेले त्यांचीं नांवें क्रुसापुढच्या प्रार्थनेंतून गाळूं नयेत, आणि जत्रेच्या आठवड्यांत त्यांच्यासाठीं एक अंथरूण घालून ठेवावें.

देऊळ दगडांचें असतें, धर्मग्राम माणसांचा. दगडांची डागडुजी आपण महोत्सवापूर्वीं केली. माणसांची आतां करूं या. ज्या मावशींनीं आमचीं नांवें प्रार्थनेंत घेतलीं, त्या आज हयात नाहींत. त्यांचें ऋण त्यांना फेडतां येणार नाहीं. तें पुढच्या पाहुण्यालाच फेडावें लागेल. मोतमावली आपणां सर्वांस तशी बुद्धि देवो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.