चित्राखालचं नाव



'सॉफ्टवेअर सोडून काहीही बोल' अशी आयोजकांची अट आहे, म्हणून एका चित्रावर बोलते. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा आणि बोटांच्या फटींतून झिरपणारा तांबूस उजेड. ही बाई तुम्ही कॅलेंडरवर नाहीतर फ्रेमवाल्याच्या दुकानात नक्की पाहिली असेल. चित्रकार कोण, असं विचारलं की बहुतेक जण 'राजा रविवर्मा' म्हणतात.

रविवर्मा 1906 मध्येच वारले. हे चित्र 1945-46 च्या सुमाराचं. काढलं सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांनी. दिवा घेऊन उभी आहे ती त्यांचीच मुलगी गीता, लग्नानंतरच्या गीताताई उपळेकर. त्या 2018 साली कोल्हापुरात गेल्या, वयाच्या 102 व्या वर्षी. म्हणजे आपण शाळेत होतो तेव्हा चित्रातली बाई याच महाराष्ट्रात हिंडत-फिरत होती, आणि कॅलेंडरं मात्र तिला दुसऱ्याच चित्रकाराच्या खात्यावर टाकत होती!

मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या जयचामराजेंद्र कलादालनात आहे. त्याच संग्रहात रविवर्म्यांचीही चित्रं आहेत. मला वाटतं गोंधळ तिथूनच सुरू झाला असावा. शेजार मोठ्या नावाचा, मग छोटं नाव कोण वाचतो? शिवाय हे तैलरंगातलं नाही, जलरंगातलं आहे. आपल्यापैकी ज्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्यात त्यांना ठाऊक आहे, जलरंगात चुकलेला हात झाकता येत नाही. इतका अंधार जलरंगात, कागद न मळवता! त्यासाठी तरी माणसाचं नाव लक्षात राहायला हवं होतं.

मालकी बदलते, पत्ता बदलतो, ते चालायचंच. आपल्या दहावीच्या कागदांवर जिल्हा अकोला आहे. वाशीम जिल्हा झाला 1998 मध्ये. पण गाव कोणतं हे कागदावर लिहिलेलं आहे, म्हणून अडचण येत नाही.

आता मुद्द्याचं. शाळेच्या सभागृहात जुन्या शिक्षकांची चित्रं लागणार आहेत. काही आपल्याच वर्गातल्या मुलांनी काढलेली आहेत. प्रत्येकाच्या मागे, काचेच्या आत, तीन ओळी लिहूया: काढलं कुणी, आहे कुणाचं, शाळेत कधी आणि कुणाकडून आलं. ज्यांना आठवतंय ते सर आणि बाई आज समोरच बसले आहेत. जेवणानंतर मी वही घेऊन येते.