आवृत्तीचं साल



आपल्या 1996 च्या बॅचने जमवलेल्या पैशातून शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं घ्यायची ठरली, तेव्हा भूगोल, कायदा, राजकारण आणि आत्मकथनं हा भाग माझ्याकडे आला. "तू इंजिनिअर, तुला माहितीची पुस्तकं कळतात," असं कारण दिलं गेलं. ते कितपत खरं आहे, ते आज सांगूनच टाकते.

2009 साली माझे वडील गेले. गावच्या वडिलोपार्जित जमिनीचा विषय निघाला. घरात कायद्याचं एक जुनं पुस्तक होतं. नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी ते उघडून वाचून दाखवलं, की मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क नसतो. मी हक्कसोडपत्रावर सही केली. नंतर कधीतरी ते पुस्तक हाती आलं. छापलेलं होतं 1988 साली! हा कायदा महाराष्ट्रात 1994 मध्येच बदलला होता आणि देशभर 2005 मध्ये. माझं लग्न 2003 चं, म्हणजे माझा हक्क होता. ऑफिसात आवृत्तीचा आकडा बघितल्याशिवाय मी कुठल्या प्रोग्रॅमला हात लावत नाही; घरी एक पान उलटून पाहिलं नाही. भावाशी माझं भांडण नाही, त्यालाही ते पुस्तक खरंच वाटलं. सगळं माहीत असतं तरी कदाचित मी सही केली असती. पण माहीत असून केली नाही, हे अजून टोचतं.

तेव्हा पुस्तकांच्या दुकानात मी मुखपृष्ठाआधी साल बघत होते. दुकानदार वैतागले. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचं कलम 302 आता 103 झालं. तरी जुनी पुस्तकं अजून 'स्पर्धा परीक्षेसाठी उपयुक्त' म्हणून सवलतीत मिळतात. ती घेतली नाहीत. शासनाने मराठीत छापलेलं संविधान मात्र चार प्रती घेतलं. नागरिकशास्त्र आपण परीक्षेच्या आदल्या रात्री उरकायचो, आठवतंय ना?

भूगोलाचंही तेच. वाशीम, नंदुरबार, हिंगोली, गोंदिया हे जिल्हे आपल्या दहावीनंतरचे, पालघर तर 2014 चा. शाळेतला आपला जुना नकाशा टाकू नका, अशी सरांना विनंती आहे. तो इतिहासाच्या कपाटात शोभेल.

राजकारणात साल पुरत नाही, लिहिणारा कोण तेही बघावं लागतं. आणीबाणीवर दोन पुस्तकं निवडली आहेत, एक तुरुंगात गेलेल्याचं आणि एक तिचं समर्थन करणाऱ्याचं. मुलांनी भांडावं.

आत्मकथनांपाशी मात्र माझा नियम मोडला. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे', दया पवारांचं 'बलुतं', उर्मिला पवारांचं 'आयदान' यांना सालाची भीती नाही. एवढंच केलं, की 'स्मृतिचित्रे' संक्षिप्त न घेता पूर्ण घेतलं. महाग पडलं, हिशेबात दिसेल, कोषाध्यक्षांनी रागावू नये.

यादी ग्रंथालयाच्या दाराशी लावली आहे. कायद्याच्या खणात अजून जागा आहे. आपल्या बॅचमध्ये वकील झालेले आहेत, त्यांनी जेवणाआधी मला गाठावं.