वर्ध्यातून ताश्कंदकडे पाहताना



विषय जाहीर झाला तेव्हा दोघांनी मला विचारलं, ‘सोव्हिएत संघ 1991 मध्ये मोडला. त्याचं आता वर्ध्यात काय?’ प्रश्न रास्त आहे. उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, किर्गिझस्तान, कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान हे पाचही देश मुस्लिमबहुल. तिथल्या लोकांनी जवळपास सत्तर वर्षं अशा राजवटीत काढली, जिला धर्म संपवायचा होता आणि त्याच वेळी गावोगाव शाळा, दवाखाने न्यायचे होते. सुधारणा कोणी करायची, सरकारनं, कोर्टानं, मौलानांनी की समाजानं, हे भांडण हमीद दलवाईंच्या काळापासून आपल्याकडे चालू आहे. त्याच भांडणाची तिकडची कागदपत्रं आपण उघडूनही पाहत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

सुरुवात एका माणसापासून करतो. अब्दुरऊफ फितरत. बुखाऱ्यात जन्मलेला, इस्तंबूलला शिकलेला. 1910 नंतरच्या एकदोन वर्षांत त्यानं एक पुस्तक लिहिलं. त्यात हिंदुस्तानातला एक मुस्लिम प्रवासी बुखाऱ्यात येतो आणि तिथली अवस्था पाहून थक्क होतो. घाण पाणी, रोगराई, मदरशात वर्षानुवर्षं चालणारं पाठांतर. बुखाऱ्यावरची टीका फितरतनं आपल्या, म्हणजे हिंदी मुसलमानाच्या तोंडी घातली! त्याआधीच्या एका पुस्तकातही हिंदुस्तानातच एक मुदर्रिस आणि एक युरोपियन नव्या शाळांवर वाद घालतात.

फितरत आणि त्याचे सोबती ‘जदीद’ म्हणून ओळखले जातात. उर्दू जाणणाऱ्यांना हा शब्द सांगायला नको. उसूल-ए-जदीद, म्हणजे शिकवण्याची नवी रीत. मुलांना अक्षरं उच्चारावरून शिकवा, गणित-भूगोल शिकवा, मुलींनाही शिकवा. हे सगळे दीनदार घरातले, मदरशात शिकलेले लोक होते. इस्लाम सोडा असं ते म्हणत नव्हते. मुसलमान शिकला नाही तर दीन आणि दुनिया दोन्ही हातचं जाईल, असं म्हणत होते. त्यांच्यातले ज्येष्ठ महमूदखोजा बेहबूदी 1919 मध्ये बुखाऱ्याच्या अमीराच्या माणसांकडून मारले गेले. साहजिकच 1920 ला बोल्शेविकांनी अमीराला घालवलं तेव्हा बऱ्याच जदीदांना हायसं वाटलं. फितरत तर नव्या सरकारात मंत्री झाला.

आता वर्ध्याला येऊ. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला गांधीजींनी इथे शिक्षण परिषद भरवली. हस्तोद्योगातून शिक्षण आणि मुलांनी बनवलेल्या वस्तू विकून शाळेचा खर्च, अशी कल्पना होती. जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन हजर होते. त्यांनी भर परिषदेत सांगितलं, की ही कल्पना अगदीच नवी नाही आणि स्वावलंबनावर फार जोर दिला तर मास्तर गरीब पोरांना राबवून घेतील. गांधीजींसमोर, गांधीजींच्या वर्ध्यात. यावर काय झालं? अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीचं अध्यक्षपद त्यांनाच दिलं गेलं. पुढे मुस्लिम लीगनं वर्धा योजनेवर कडाडून टीका केली, तीही उघड सभांमधून आणि छापील अहवालांमधून. त्या टीकेतला काही भाग मला पटतो, बराचसा पटत नाही. पण ती करता आली.

त्याच 1937 च्या एप्रिलमध्ये फितरतला अटक झाली होती. 4 ऑक्टोबर 1938 ला ताश्कंदमध्ये त्याला गोळी घातली. त्याच दिवशी कवी चोलपान आणि कादंबरीकार अब्दुल्ला कादिरी यांनाही. जे काम अमीराला पुरतं जमलं नाही, ते आधुनिकतेच्या नावानं आलेल्या सत्तेनं पुरं केलं. शाळा झाल्या, पण शाळा मागणारे उरले नाहीत.

यावरून ‘साम्यवाद वाईट’ एवढंच म्हणून उठू नका. 8 मार्च 1927 ला उझबेकिस्तानात ‘हुजूम’ सुरू झाला. हुजूम म्हणजे हल्ला. चौकात सभा घेऊन बायकांनी परांजी, म्हणजे तिकडचा पायघोळ बुरखा, जाळायचा. नंतर सूड उगवला गेला. काही अंदाजांनुसार दोन हजारांच्या आसपास बायका मारल्या गेल्या, बहुतेक आपल्याच गावच्या, आपल्याच घरच्या पुरुषांकडून. कित्येकींनी पुन्हा परांजी घेतली. डग्लस नॉर्थ्रॉप हे अभ्यासक यात वसाहतवादी सत्तेची दांडगाई पाहतात. मॅरिएन कॅम्प यांनी म्हाताऱ्या उझबेक बायकांना भेटून त्यांच्या आठवणी टिपल्या. त्यांचं म्हणणं वेगळं आहे. जदीदांच्या शाळांत शिकलेल्या काही मुलींना परांजी आधीपासूनच नको होती आणि हुजूमच्या आधीच त्या बोलू-लिहू लागल्या होत्या. मला कॅम्प जास्त पटतात, कारण त्यांच्या पुस्तकात बाई बोलते. 18 एप्रिल 1966 ला मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेणाऱ्या सात जणींची आठवण इथे येते. त्यांना कोणी पार्टीनं धाडलं नव्हतं. पण त्यांच्या मागण्याही कायद्याच्याच होत्या, हेही विसरू नका. सरकार नकोच, असं त्या म्हणाल्या नाहीत.

1991 नंतर काय झालं? पार्टी गेली, सवय राहिली. ताजिकिस्तानात 2011 च्या कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांना मशिदीत नमाजाला जायला बंदी आली. 2024 मध्ये ‘परक्या’ पोशाखाविरुद्ध कायदा झाला, रोख हिजाबवर. उझबेकिस्तानात इस्लाम करीमोव्ह 2016 मध्ये मरेपर्यंत सत्तेवर होते आणि त्यांच्या तुरुंगांत हजारो धार्मिक लोक होते. मुस्लिम राज्यकर्ता, मुस्लिम पोलीस, मुस्लिम कैदी. ‘आपला माणूस सत्तेवर आला की सुटलो’ असं मानणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

माझ्या कामाशी जोडलेली एक गोष्ट सांगतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले मजकूर शोधायची सोय करतो, तेव्हा एक भाषा, एक लिपी असं गृहीत धरतो. उझबेक भाषेत ते चालत नाही. 1925 चं वर्तमानपत्र अरबी लिपीत, 1935 चं लॅटिनमध्ये, 1950 चं सिरिलिकमध्ये. 1993 ला पुन्हा लॅटिन आणायचं ठरलं, तर आजही दोन्ही लिप्या शेजारी शेजारी चालतात. प्रत्येक वेळी निर्णय वरून आला. आजोबांचं पत्र नातवाला वाचता येईना. आपल्याकडेही मराठी माध्यमात शिकलेल्या कितीतरी पोरांना दादाजींची उर्दू पत्रं वाचता येत नाहीत. तो बदल आपण निवडला, की पोटापाण्यानं निवडला, यावर एकदा घरी बोलून पाहा.

अभ्यास कसा करायचा? अदीब खालिद यांचं साम्यवादानंतरच्या इस्लामवरचं पुस्तक 2007 चं आहे, इंग्रजी सोपं आहे, तिथून सुरुवात करा. मुंबई विद्यापीठातलं सोव्हिएत अभ्यासाचं केंद्र पुढे मध्य युरेशियाच्या अभ्यासाचं झालं, तिथली वाट धरता येईल. रशियन थोडी शिका. उझबेक शिकलात तर किताब, मक्तब, इन्साफ असे ओळखीचे शब्द पानोपानी भेटतील.

आणि दुसरी वाट आपल्या दारातच आहे. विदर्भातली पोरंपोरी एमबीबीएसला बिश्केक, ओश, समरकंदला जातात. सहा-सहा वर्षं राहून येतात आणि सांगतात काय, तर बर्फ आणि मेसचं जेवण. तुमच्यापैकी कोणी जाणार असेल, कोणाची बहीण तिथे असेल, तर भाषा थोडी जमल्यावर घरमालकिणीला तीन गोष्टी विचारायला सांगा. तुमच्या आजीनं परांजी कधी सोडली, आणि कोणाच्या सांगण्यावरून? 1991 नंतर पगार थांबले तेव्हा घर कसं चाललं? आणि घरात अरबी लिपीतला एखादा कागद जपून ठेवलाय का? उत्तरं मराठीत लिहून पाठवा. आपण ती छापू.