शाल नको, मानाचा घास द्या!

(शिक्षकदिनानिमित्त भरलेल्या नागरिकांच्या सभेत प्रस्तुत पत्राच्या संपादकांनी केलेले भाषण)



आताच या व्यासपीठावर काही गुरुजनांना शाल-श्रीफळ अर्पण झाले. तुम्ही टाळ्या वाजविल्या, मीही वाजविल्या. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे एक निराळाच शिक्षक उभा होता. तो एम. ए. आहे, नेट उत्तीर्ण आहे. सकाळी महाविद्यालयात तासांच्या हिशेबाने मराठी शिकवितो आणि रात्री आमच्या कचेरीत मुद्रिते तपासतो. सुट्टी लागली की त्याची प्राध्यापकी थांबते व पैसेही थांबतात. परवा तो म्हणाला, "साहेब, मला कायमचे इकडेच घ्या." मी निरुत्तर झालो. चांगला मुद्रितशोधक मिळाला म्हणून आनंद मानावा, की गावाचा चांगला शिक्षक गेला म्हणून खेद करावा?

यावर काही वडीलधारे सांगतात की, शिक्षकाने त्याग करावा. टिळक-आगरकरांनी नाही का केला? जरूर केला. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज. तेथील आजीव सदस्य दरमहा अवघ्या ७५ रुपयांवर राबत. पण तो त्याग त्यांनी स्वतः स्वीकारला होता, तो सर्वांना समान होता, आणि संस्थेचा कारभार त्यांच्याच हाती होता. आणि तेथेही वेतन व बाहेरील प्राप्ती यांवरून वाद माजलाच. १८९० साली टिळक संस्थेबाहेर पडले, त्यामागे जी कारणे होती त्यांत हेही एक होते. जेथे असे महापुरुष राबत होते, तेथेही पोटाचा प्रश्न टळला नाही. मग आज मालकाने बंगला बांधावा आणि त्याग मात्र गुरुजींनी करावा, हा कोठला न्याय? स्वतः केला तर तो त्याग. दुसऱ्याकडून करविला तर ती वेठ!

या वेठीला सरकारनेही गोंडस नावे दिली आहेत. महाराष्ट्राने २००० साली 'शिक्षणसेवक' निर्माण केला. तीन वर्षे सेवा, आणि वेतनाऐवजी मानधन! २०२२ अखेरपर्यंत प्राथमिक सेवकाला महिना ६,००० रुपये, म्हणजे दिवसाला २०० रुपये मिळत. गवंड्याच्या हाताखालच्या बिगाऱ्यालाही त्याहून अधिक रोज पडत होता. न्यायालयाने कान टोचले, तेव्हा २०२३ पासून ते १६,००० झाले. इकडे कर्नाटकात नाव आहे 'अतिथी शिक्षक'. अहो, आपल्या घरी अतिथीला पहिला घास वाढतात. या अतिथीला मात्र पंगत उठल्यावर खरकट्यावर बसविले आहे! सीमेच्या दोन्ही बाजूंची सरकारे एरवी कशावरही एकमत होत नाहीत. शिक्षकाला स्वस्तात राबविण्यावर मात्र त्यांचे पूर्ण एकमत आहे.

परंतु गुरुजनहो, तुम्हालाही एक कटू शब्द सांगितला पाहिजे. वेतन मागणाऱ्याने गुणवत्तेचा हिशेब दिला पाहिजे. महाराष्ट्रातील २९१ अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यातून न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमला गेला आणि २०१२ साली त्याने शिक्षक घडविण्याच्या या बाजाराचे वाभाडे काढले. शिक्षक पात्रता परीक्षेत गैरप्रकार केल्याबद्दल २०२२ साली सात हजारांवर उमेदवार अपात्र ठरले. जो पैसे मोजून गुरू होतो, तो मुलांना काय मोजून देणार? पण हेही ध्यानात घ्या, की जेथे जागा विकली जाते तेथे गुणी माणूस फिरकत नाही, आणि जेथे पोट भरत नाही तेथे तो टिकत नाही. अल्प वेतन आणि अल्प गुणवत्ता या जुळ्या बहिणी आहेत.

हे निदान नवे नाही. शिक्षणाचा दर्जा सर्वांत अधिक शिक्षकाच्या योग्यतेवर व चारित्र्यावर अवलंबून आहे, हे कोठारी आयोगाने १९६६ सालीच सांगितले. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे, म्हणजे आपल्याच शेजारचे सुपुत्र. राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणावर खर्चा, असे त्या अहवालाने बजावले. तो ध्येयांक आजही कागदावरच आहे.

आपणा सीमावासीयांना याची झळ दुप्पट बसते. फलकावरची मराठी पुसली तर आपण रस्त्यावर येतो, आणि यावेही. पण वर्गातील मराठी शिकविणारा माणूस निमूटपणे उठून गेला तर कोणाला कळतही नाही! फलक एका रात्रीत पुन्हा लिहिता येतो. शिक्षक घडवायला वीस वर्षे लागतात.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे. मुलाला शाळेत घालताना इमारत किती मजल्यांची आहे, हे विचारू नका. येथे शिक्षक किती कायम आहेत, त्यांना वेतन किती व कोणत्या तारखेला मिळते, आणि जागा भरताना पैसे घेतले जातात काय, हे तीन प्रश्न चारचौघांत विचारा. जे चालक उत्तर देणार नाहीत, त्यांच्या समारंभाला हार घेऊन जाऊ नका. हे तुम्ही केलेत, तर पुढच्या वर्षी शाल आणली नाही तरी चालेल. गुरुजींना स्वतःच्या मिळकतीतून शाल घेता येईल!